पंपहाउसमधलं पहिलं वर्ष: कोणती साधनं स्वतःची असावीत, कोणती मागून आणावीत

मेकॅनिकलची पदवी घेऊन पाणीपुरवठ्याच्या किंवा सांडपाण्याच्या कामावर रुजू झालं, की पहिल्या काही आठवड्यांतच एक प्रश्न समोर येतो: पंप पाणी कमी का देतोय? पंपहाउसमध्ये या प्रश्नाला उत्तरांची वाण नसते. ऑपरेटर म्हणतो पंप थकला, इलेक्ट्रिशियन म्हणतो मोटर ठीक आहे, कंत्राटदार म्हणतो इम्पेलर (पाणी ढकलणारं आतलं फिरतं चाक) बदलून टाका. प्रत्येकाच्या बोलण्यात थोडंफार तथ्य असतं, पण मोजलेला आकडा कुणाकडेच नसतो. नव्या इंजिनिअरने तिथे आकडा आणायचा असतो. तो आणायला कोणती साधनं लागतात, त्यातली कुठली स्वतःची हवीत, कुठली स्टोअरमधून मागून घ्यावीत आणि कुठल्यांवर पैसे घालू नयेत, याचं हे परीक्षण.

कसोटी एकच लावली आहे. प्रत्येक सेंट्रिफ्युगल पंपाचा एक कर्व्ह असतो: आडव्या अक्षावर डिस्चार्ज (ठरावीक वेळात बाहेर पडणारं पाणी), उभ्या अक्षावर हेड (पंप पाण्याला देतो तो दाब, पाण्याच्या उंचीच्या मीटरमध्ये). पंप या घडीला त्या कर्व्हवर कुठे चाललाय, की कर्व्ह सोडून खाली घसरलाय, हे कळायला जे साधन जास्त मदत करतं ते वरच्या क्रमांकाचं. साधन किती आधुनिक आहे याला इथे गुण नाहीत.

दोन प्रेशर गेज

सगळ्यात आधी हे घ्यावेत. एक डिलिव्हरीला (पंपातून पाणी बाहेर पडतं त्या बाजूला), एक सक्शनला (पाणी आत येतं त्या बाजूला). सक्शनचा गेज कंपाउंड हवा, म्हणजे शून्याच्या खाली उणे १ बारपर्यंत वाचणारा. साधा गेज लावला तर काटा शून्याच्या खिळ्याला टेकून बसतो आणि पंप पाणी वर ओढताना किती धडपडतोय हे कळतच नाही.

रेंज निवडण्यात सर्रास चूक होते. ‘मोठी रेंज घेतली म्हणजे गेज फुटणार नाही’ असं म्हणून ४ बारच्या लाइनवर ० ते २५ बारचा गेज बसवला जातो. गेजचा क्लास, म्हणजे चालणारी चूक, पूर्ण स्केलच्या टक्क्यांत असतो. १.६ क्लासच्या २५ बारच्या गेजमध्ये ०.४ बार इकडे-तिकडे चालतं, म्हणजे पाण्याचे जवळजवळ ४ मीटर. त्याच जागी ० ते ६ बारचा, १.० क्लासचा गेज लावला तर चूक ०.०६ बारवर येते, म्हणजे सुमारे ६० सेंटिमीटर. नेहमीचं रीडिंग स्केलच्या मधल्या भागात किंवा थोडं पुढे यावं, एवढं पाहिलं तरी पुरे.

आता हेड कसं काढायचं ते एका उदाहरणात पाहू, कारण अर्धी फसगत इथेच होते. पंपाच्या नेमप्लेटवर ताशी ३६० घनमीटर, ४५ मीटर लिहिलंय. डिलिव्हरीचा गेज ४.० बार दाखवतोय, सक्शनचा उणे ०.३ बार. डिलिव्हरीचा गेज सक्शनच्या गेजपेक्षा १.२ मीटर उंचावर आहे. डिलिव्हरीचा पाइप २०० मिलिमीटर व्यासाचा, सक्शनचा २५० चा.

दोन्ही गेजमधला फरक ४.३ बार. एक बार म्हणजे पाण्याचे १०.२ मीटर, म्हणून ४३.९ मीटर झाले. उंचीचा फरक १.२ मीटर मिळवला की ४५.१. राहिला वेगाचा फरक: डिस्चार्ज ताशी ३६० घनमीटर धरला तर डिलिव्हरीला पाणी सेकंदाला ३.१८ मीटर वेगाने जातं, सक्शनला २.०४ ने, आणि दोन्हींच्या व्हेलॉसिटी हेडमध्ये (वेगामुळे येणाऱ्या हेडमध्ये) ०.३ मीटरचा फरक पडतो. एकूण हेड ४५.४ मीटर. पंप नेमप्लेटप्रमाणे चाललाय.

फक्त डिलिव्हरीचा गेज वाचला असता तर ४ गुणिले १०.२, म्हणजे ४०.८ मीटर आले असते. १० टक्के कमी. आणि त्या १० टक्क्यांवर ‘इम्पेलर झिजला’ असा शेरा मारून सुटे भाग मागवले गेले असते. चांगले पंप असे विनाकारण खोलले जातात.

हेड आणि डिस्चार्ज दोन्ही हातात आले की निदान फार सरळ होतं. हेड जास्त आणि डिस्चार्ज कमी असेल तर दोष लाइनमध्ये शोधावा: अर्धवट बंद व्हॉल्व्ह, उंच जागी अडकलेली हवा, आतून गंजून अरुंद झालेला पाइप. हेड कमी आणि डिस्चार्ज जास्त असेल तर पंप कर्व्हच्या उजव्या टोकाकडे पळतोय, म्हणजे लाइन कुठेतरी फुटली आहे किंवा पुढचा व्हॉल्व्ह नको तिथे उघडा आहे. दोन्ही कमी असतील तर मात्र पंपाकडे आणि त्याच्या सक्शनकडे वळावं. हे तीन ओळींचं तर्कशास्त्र पहिल्या वर्षी पाठ झालं तर पुढचं बरंच सोपं जातं.

याच दोन गेजवर आणखी एक तपासणी होते. पंप चालू ठेवून डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करायचा आणि शून्य डिस्चार्जचं हेड कर्व्हवरच्या आकड्याशी ताडून पाहायचं. ते जुळलं तर इम्पेलरचा व्यास, वेग आणि फिरण्याची दिशा ठीक आहे. मोठी तूट आली तर आधी दिशा बघावी. सेंट्रिफ्युगल पंप उलटा फिरला तरी पाणी पुढेच ढकलतो, फक्त कमी ढकलतो, त्यामुळे विजेचे दोन फेज अदलाबदल झालेला पंप महिनोन्‌महिने ‘कमी देतो’ म्हणून चालत राहू शकतो. वेअर रिंग (इम्पेलरभोवतीची झिजणारी कडी) झिजली असेल तर या तपासणीत ते नेहमी दिसत नाही, कारण कर्व्ह डाव्या बाजूला सपाट असतो. ती झीज चालत्या डिस्चार्जला उघड होते. व्हॉल्व्ह बंद ठेवायचा तो मिनिटाच्या आत, कारण आतलं पाणी तापतं. आणि ही तपासणी ॲक्शियल फ्लो किंवा मिक्स्ड फ्लो पंपावर (पाणी शाफ्टच्या दिशेने किंवा तिरकं ढकलणाऱ्या) करायची नाही. त्यांना बंद व्हॉल्व्हला सगळ्यात जास्त पॉवर लागते, मोटर ट्रिप होईल किंवा त्याहून वाईट काही होईल.

सक्शनचा गेज एरवीही बोलत असतो. वर उणे ०.३ बार होतं. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाण्याच्या १०.३३ मीटर. त्यातून ३.०६ मीटर गेले, ३० अंशांच्या पाण्याच्या वाफेच्या दाबाचे ०.४३ मीटर गेले, व्हेलॉसिटी हेडचे ०.२१ मिळवले: हाती राहिले ७ मीटर. पंपाला एनपीएसएच (आत पाण्याची वाफ होऊ नये म्हणून सक्शनला लागणारं किमान हेड) ५ मीटर लागत असेल तर सगळं आरामात आहे. स्ट्रेनरमध्ये (सक्शनच्या गाळणीत) कचरा बसला आणि तोच गेज उणे ०.६ वर गेला, की हाती ४ मीटर उरतात आणि पंपात खडी दळल्यासारखा आवाज सुरू होतो. तो आवाज ऐकून बेअरिंग बदललेले पंप बरेच सापडतील. जिथे पंप जमिनीखालच्या टाकीतून पाणी ओढतो, तिथे हा गेज कायमचा बसवून घ्यावा.

टिकाऊपणाचं म्हणाल तर गेज मरतात ते सततच्या थरथरीने. ग्लिसरिन भरलेला घ्यावा, खाली कॉक बसवावा आणि वाचण्यापुरताच उघडावा. वाचण्याआधी कॉक बंद करून दाब सोडावा आणि काटा शून्यावर येतो का ते पाहावं. पाच सेकंदांचं काम आहे, पण हे न करता घेतलेल्या रीडिंगला अर्थ नाही.

क्लॅम्प-ऑन अल्ट्रासोनिक फ्लोमीटर

पाइप न कापता, बाहेरून दोन सेन्सर बांधून डिस्चार्ज सांगणारं यंत्र. नव्या माणसाला याचं मोठं आकर्षण असतं आणि ते रास्त आहे. पण हे यंत्र आत्मविश्वासाने चुकीचा आकडा दाखवतं. स्क्रीनवर दशांश चिन्हानंतर दोन अंक आले की समोरचा वाद घालत नाही, आणि धोका तिथेच आहे. हे स्वतः विकत घेऊ नये, विभागाचं मागून वापरावं, आणि वापरायला मात्र नीट शिकावं.

हे यंत्र वेग मोजतं. डिस्चार्ज ते आपण दिलेल्या व्यासावरून काढतं. आतला व्यास १ टक्का चुकला की डिस्चार्ज २ टक्के चुकतो. २०० मिलिमीटरचा ‘डक्टाइल आयर्न’ पाइप बाहेरून २२२ मिलिमीटर असतो, आणि त्याच नावाचा स्टीलचा पाइप २१९.१. यादीतून चुकीचं मटेरियल निवडलं की सुरुवातच वाकडी. म्हणून पाइपला टेप गुंडाळून परीघ मोजावा आणि ३.१४१६ ने भागावा. भिंतीची जाडी अल्ट्रासोनिक थिकनेस गेजने घ्यावी. आतलं सिमेंटचं अस्तर विसरू नये; ते पाइपपासून सुटलं असेल तर मधल्या हवेच्या फटीमुळे सिग्नल येणारच नाही.

बांधायची जागा याहून महत्त्वाची. बेंडनंतर किमान १० व्यास (पाइपच्या व्यासाच्या १० पट) सरळ पाइप हवा आणि पुढे ५ व्यास. पंपाच्या किंवा अर्धवट उघड्या व्हॉल्व्हच्या मागोमाग तर २० ते ३० व्यासही लागतात. पंपहाउसच्या आत एवढी जागा सहसा नसते, बाहेर राइझिंग मेनवर (पंपापासून वर टाकीकडे जाणाऱ्या पाइपवर) जावं लागतं. आडव्या पाइपवर सेन्सर बाजूला बांधावेत, घड्याळातल्या ३ आणि ९ च्या जागी. वर हवा असते, खाली गाळ. रंग आणि गंज खरवडून धातू उघडा करावा, जेल भरपूर लावावी; ती उन्हात काही तासांत सुकते आणि रीडिंग हळूहळू भरकटायला लागतं. पाइप जुना आणि आतून खरबरीत असेल तर समोरासमोर सेन्सर बांधायची झेड पद्धत धरावी, सिग्नल एकदाच पाणी पार करतो.

स्वच्छ पाण्याला ट्रान्झिट-टाइम प्रकारचा मीटर लागतो. पाण्यात बुडबुडे किंवा घन पदार्थ जास्त झाले की तो हात टेकतो. डॉप्लर प्रकाराचं उलट, त्याला परावर्तनासाठी कण लागतातच. सांडपाण्याच्या लाइनवर चुकीचा प्रकार नेऊन दिवस वाया घालवू नये.

कॅटलॉगमध्ये अचूकता १ टक्का लिहिलेली असते. प्रत्यक्ष जागेवर ३ ते ५ टक्के आली तरी काम चांगलं झालं असं समजावं. भरलेल्या पाइपवर व्हॉल्व्ह बंद करून शून्य तपासल्याशिवाय तर आकडा वहीत उतरवूच नये.

आणि पडताळा घ्यावा. इथे टेप आणि स्टॉपवॉच कामाला येतात, दोन्ही स्वतःची असावीत. समजा संपचं (पंप ज्यातून पाणी उपसतो त्या टाकीचं) क्षेत्रफळ १० बाय ६, म्हणजे ६० चौरस मीटर. आत येणारं पाणी बंद केलं, एक पंप चालू ठेवला, ५ मिनिटांत पातळी ५० सेंटिमीटर उतरली. ३० घनमीटर ५ मिनिटांत, म्हणजे ताशी ३६०. टेप वाचताना १ सेंटिमीटरची चूक झाली तरी २ टक्केच फरक पडतो. ही मोजणी महागड्या मीटरच्या तोडीस तोड आहे, फक्त आत येणारा व्हॉल्व्ह खरोखर घट्ट बंद होतो का याची खात्री करून घ्यायची. संपमधले खांब आणि भिंतींची जाडी क्षेत्रफळातून वजा करायला विसरू नये. ड्रॉइंगवरच्या मापावर विसंबण्यापेक्षा टाकी रिकामी असताना एकदा मोजून ठेवावी.

टाँग टेस्टर, आणि त्याचा मोठा भाऊ

वायरभोवती चिमटा लावून नुसते अँपिअर दाखवणारा टाँग टेस्टर पंपाच्या कामाला अर्धवटच पुरतो. लोड कमी झाला की मोटरचा पॉवर फॅक्टरही (विजेतला प्रत्यक्ष कामाला येणारा हिस्सा) घसरतो, त्यामुळे अँपिअर पॉवरच्या प्रमाणात उतरत नाहीत. ‘करंट बरोबर आहे म्हणजे पंप बरोबर आहे’ हे वाक्य वारंवार कानावर पडतं; त्यावर भरवसा ठेवू नये. किलोवॉट आणि पॉवर फॅक्टर दाखवणारा क्लॅम्प मीटर मागून घ्यावा. व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) असेल तर मोजणी ड्राइव्हच्या इनपुटला करावी. आणि पॅनेल उघडायचं ते अधिकृत इलेक्ट्रिशियनने. मेकॅनिकलच्या नव्या माणसाने बाजूला उभं राहून आकडे लिहून घ्यावेत.

किलोवॉट मिळाले की कार्यक्षमता निघते. वरच्या पंपाचं काम ९.८१ गुणिले ०.१ घनमीटर प्रति सेकंद गुणिले ४५.४ मीटर, म्हणजे ४४.५ किलोवॉट. मीटरवर ६० दिसले तर एकूण कार्यक्षमता ७४ टक्के. मोटरचे ९४ टक्के बाजूला काढले की पंपाची ७९. वीज म्हणून पाहिलं तर दर १,००० घनमीटरला १६७ युनिट. हा शेवटचा आकडा दर महिन्याला काढून ठेवावा. कर्व्ह वाचता न येणाऱ्या वरिष्ठालाही तो लगेच समजतो, आणि दुरुस्तीचा प्रस्ताव त्यावर पुढे सरकतो.

व्हीएफडी बसवल्यावर किती वीज वाचेल, हे नव्या इंजिनिअरला हमखास विचारतात. वेग १० टक्के कमी केला की पॉवर २७ टक्के कमी होते, हे गणित फक्त घर्षणावर चालणाऱ्या लाइनचं. उंच टाकीला पाणी चढवणाऱ्या लाइनमध्ये स्टॅटिक हेड (पाणी चढवायची निव्वळ उंची) मोठं असतं. तिथे वेग थोडा जरी जास्त उतरवला तरी पाणी वर चढणंच बंद होतं. हिशोब करताना सिस्टिम कर्व्ह (किती डिस्चार्जला लाइनला किती हेड लागतं त्याचा आलेख) काढल्याशिवाय बचतीचा आकडा देऊ नये.

डायल गेज की लेझर अलाइनमेंट?

अलाइनमेंट म्हणजे पंप आणि मोटरचे शाफ्ट एका रेषेत आणणं. लेझर संच ते काम पटकन करतो, वाचायची चूक कमी होते, रिपोर्टही छापून मिळतो. तरीही पहिल्या वर्षी डायल गेजवर शिकावं असं आमचं ठाम मत आहे. ०.०१ मिलिमीटर वाचणारा एक डायल गेज आणि मॅग्नेटिक स्टँड स्वतःचा असावा. कारण अलाइनमेंट बिघडण्याची दोन मोठी कारणं लेझर आपणहून दुरुस्त करत नाही, आणि ती दोन्ही डायल गेजने उघडी पडतात.

पहिलं सॉफ्ट फूट, म्हणजे मोटरचा एखादा पाय बैठकीवर नीट न टेकणं. मोटरचे चारही बोल्ट आवळलेले असताना एका पायावर डायल टेकवावा आणि फक्त त्याच पायाचा बोल्ट सैल करावा. पाय ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त उचलला गेला तर खाली शिम (पत्र्याची पातळ पट्टी) हवी. असे चारही पाय तपासावेत. शिम स्टेनलेस स्टीलची आणि एका पायाखाली तीन-चारच; पातळ शिमची थप्पी लावली की ती स्प्रिंगसारखी दबते आणि अलाइनमेंट दुसऱ्या दिवशी टिकत नाही.

दुसरं पाइपचा ताण. कपलिंगवर डायल लावून ठेवायचा आणि डिलिव्हरीच्या फ्लँजचे (पाइपच्या टोकाच्या जोडकड्याचे) बोल्ट सोडायचे. काटा ०.०५ मिलिमीटरच्या पुढे सरकला तर पाइप पंपाला ओढतोय. चेन ब्लॉकने खेचून, बोल्ट घुसवून जोडलेल्या पाइपमुळे बेअरिंग आणि मेकॅनिकल सील पुन्हापुन्हा जातात, आणि दर वेळी खापर बेअरिंगवर फुटतं. पाइपचा सपोर्ट सुधारल्याशिवाय कितीही अलाइनमेंट केली तरी उपयोग नाही.

स्टँडची लांब दांडी स्वतःच्या वजनाने झुकते. तेवढा झोक आधी एका सरळ, जाड पाइपवर फिरवून मोजावा आणि रीडिंगमधून वजा करावा. हे बऱ्याच जणांना शिकवलेलंच नसतं.

फ्लँजचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट खिशात लिहून ठेवावी. २०० मिलिमीटरची फ्लँज पीएन १० (पीएन म्हणजे दाबाचा वर्ग) असेल तर तिला ८ बोल्ट, पीएन १६ असेल तर १२. १५० ला दोन्हीत ८ च. त्यामुळे १५० पर्यंत काम निभावून जातं आणि २०० चा व्हॉल्व्ह साइटवर आला की भोकं जुळत नाहीत. ऑर्डरवर ‘२०० मिलिमीटर व्हॉल्व्ह’ एवढंच लिहिणाऱ्याचा आठवडा वाया जातो. बोल्ट आवळायचे ते समोरासमोर, आधी तीस टक्के, मग साठ, मग पूर्ण.

व्हायब्रेशन पेन

उपयुक्त, पण मर्यादित. तो मिलिमीटर प्रति सेकंदात एकच आकडा देतो. पंप बिघडतोय हे त्यावरून कळतं, कशाने बिघडतोय हे कळत नाही. अनबॅलन्स फिरण्याच्या फ्रिक्वेन्सीला दिसतो, मिसअलाइनमेंट बऱ्याचदा तिच्या दुपटीला, आणि इम्पेलरच्या पात्यांचा मार त्यांच्या संख्येइतक्या पटीला. १,४५० फेऱ्यांच्या, सहा पात्यांच्या पंपात तो १४५ हर्ट्झला येईल. हे वेगळं करून दाखवायला ॲनालायझर लागतो. पेन घ्यायचा असेल तर चुंबकाने चिकटणारा घ्यावा. हाताने दाबून धरलेल्याचं रीडिंग दर माणसागणिक बदलतं. बेअरिंगच्या घरावर रंगाने ठिपके करून ठेवावेत आणि दर वेळी तिथेच, आडवं, उभं आणि शाफ्टच्या दिशेने मोजावं. पंपांसाठी आयएसओ १०८१६ चा भाग ७ मर्यादा सांगतो. पण रोजच्या कामात त्या मर्यादेपेक्षा मागच्या महिन्याचा आकडा जास्त शहाणा: २ चे ४ झाले असतील तर मर्यादेच्या आत असले तरी कारण शोधायला लागावं.

इन्फ्रारेड थर्मामीटर

या यादीत सगळ्यात खालचा क्रमांक. चकचकीत धातूवर तो बराच कमी आकडा दाखवतो, कारण असा पृष्ठभाग उष्णता नीट बाहेर टाकत नाही. ८ ला १ गुणोत्तराच्या यंत्राने ८० सेंटिमीटरवरून नेम धरला तर मोजला जातो १० सेंटिमीटरचा गोल, एकटं बेअरिंग नव्हे. वापरायचाच तर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर जवळून मोजावं. शिवाय नुकतं ग्रीस भरलेलं बेअरिंग काही तास गरम चालतंच; थर्मामीटर बघून घाबरून आणखी ग्रीस ठासलं की ते खरोखर तापतं. बेअरिंगच्या घरातल्या मोकळ्या जागेच्या तिसऱ्या हिश्श्यापासून अर्ध्यापर्यंतच ग्रीस हवं.

शाफ्ट पंपातून बाहेर येतो तिथल्या ग्लँडचंही असंच. पॅकिंगमधून पाणी थेंबथेंब गळायलाच हवं, तेच त्याचं वंगण. गळती पूर्ण बंद होईपर्यंत नट आवळले की पॅकिंग जळतं आणि शाफ्टवरच्या स्लीव्हवर चर पडतात. त्यानंतर नवं पॅकिंगही टिकत नाही.

गॅस डिटेक्टर

हा कसोटीत बसत नाही, तरी याशिवाय कामाला जायचं नाही. व्हॉल्व्ह चेंबर, वेट वेल (सांडपाणी जमा होणारी विहीर), मॅनहोल, रिकामी टाकी: वरून साध्या दिसणाऱ्या या जागा माणसं मारतात. बऱ्याचदा पहिल्या माणसाला वाचवायला उतरलेला दुसराही जातो. चार वायूंचा डिटेक्टर ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन मोनॉक्साइड मोजतो. तो कंपनीने द्यायचा असतो. स्वतः विकत घ्यायची पाळी येत असेल, तर त्या नोकरीबद्दलच दोनदा विचार करावा.

हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली आला की उतरायचं नाही. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो, पण १०० पीपीएमच्या आसपास नाक तो वास ओळखणंच सोडून देतं. वास गेला म्हणून हवा शुद्ध झाली असं कधीही समजू नये. ज्वलनशील वायूचा नेहमीचा सेन्सर काम करायला स्वतःच ऑक्सिजन वापरतो, त्यामुळे ऑक्सिजन फार कमी असलेल्या खड्ड्यात तो ज्वलनशील वायू खोटाच कमी दाखवतो. म्हणून ऑक्सिजनचं रीडिंग आधी बघावं. सिलिकॉनच्या फवाऱ्याने तोच सेन्सर कायमचा बधिर होतो. रोज कामाआधी टेस्ट गॅसने बंप टेस्ट (डिटेक्टर वाजतो का ती झटपट चाचणी), आणि उतरण्याआधी नळी सोडून वर, मध्ये, तळाशी अशी तीन ठिकाणी तपासणी. मिथेन वर जमतो, हायड्रोजन सल्फाइड खाली. परवाना, वर थांबणारा माणूस आणि वर खेचायची व्यवस्था नसेल तर डिटेक्टर हिरवा असला तरी थांबावं. नवा माणूस म्हणून ‘नाही’ म्हणायला संकोच वाटतो. तो बाजूला ठेवायलाच हवा.

एपानेट

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचं हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि पाइपच्या जाळ्याचं गणित शिकायला फार चांगलं आहे. एक खाच ध्यानात ठेवावी. पंपाचा एकच बिंदू दिला की ते उरलेला कर्व्ह स्वतःच गृहीत धरतं: शून्य डिस्चार्जला त्या हेडच्या १३३ टक्के आणि शून्य हेडला त्या डिस्चार्जच्या दुप्पट. प्रत्यक्ष पंप असा असेलच असं नाही. कर्व्हवरचे तीन बिंदू द्यावेत.

आणि ते वॉटर हॅमर (प्रवाह एकदम थांबल्यावर उसळणारा दाब) दाखवत नाही. पाण्याचा वेग सेकंदाला १.५ मीटरवरून एकदम शून्यावर आला आणि लहर सेकंदाला १,००० मीटरने धावत असेल, तर दाब सुमारे १५३ मीटरने, म्हणजे १५ बारने उसळतो. २ किलोमीटरच्या लाइनवर लहर जाऊन परतायला ४ सेकंद लागतात. त्याच्या आत व्हॉल्व्ह बंद झाला तर पूर्ण उसळी लाइनवर बसते. हे गणित कागदावर जमतं, त्याला सॉफ्टवेअर लागत नाही. मोठ्या लाइनचा अभ्यास मात्र सर्ज ॲनालिसिस येणाऱ्यांकडूनच करून घ्यावा.

वही

शेवटचं साधन जाड पुठ्ठ्याची वही, पंपाला एक पान. पानाच्या डोक्यावर नेमप्लेटचे आकडे, इम्पेलरचा व्यास, बेअरिंगचे नंबर, दोन्ही गेजची उंची आणि संपचं मोजलेलं क्षेत्रफळ. खाली प्रत्येक भेटीची एक ओळ: तारीख, संपची पातळी, किती पंप एकत्र चालू होते, सक्शन, डिलिव्हरी, डिस्चार्ज, किलोवॉट, तीन दिशांचं व्हायब्रेशन. ‘किती पंप चालू होते’ हा रकाना सोडला की बाकीची ओळ निकामी होते, कारण दुसरा पंप चालू झाला की पहिल्याचा डिस्चार्ज उतरतो आणि हेड वाढतं. गेज बदलला तर त्या दिवशी लाल रेघ मारून नव्या गेजचा नंबर लिहावा, म्हणजे पुढच्या रीडिंगमधला फरक पंपाचा की गेजचा हे वेगळं काढता येतं.